उंबऱ्यावरचे हसू

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. दोन दिवस संततधार लागलेली होती आणि गंगेला पाणी आलेले होते. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, आणि तिला पूर आला की पाणी किती फूट चढले हे न विचारता दुतोंड्या मारुतीच्या कुठवर लागले, असे विचारतो. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, ही आमची मापे. अशा दिवशी बाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून मुलीने टीव्हीवर ‘लापता लेडीज’ लावला. सिन्नरहून आलेला माझा मेहुणा पावसामुळे आमच्याकडेच अडकला होता. तो, मी आणि मुलगी सोफ्यावर, पत्नी दिवाणाच्या कडेला आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, तिच्या नेहमीच्या खुर्चीत, मांडीवर परात आणि परातीत मेथी घेऊन बसली होती. बैठकीच्या खोलीत तिला हवे तिथे बसता येते. वडील गेल्यापासून तर घरात सर्वांत मोठी तीच आहे. तरी तिची खुर्ची उंबऱ्याशीच असते, आणि ती तिथेच का असते हा प्रश्न मला चोपन्न वर्षांच्या आयुष्यात कधी पडलेला नव्हता.

किरण राव यांच्या या चित्रपटात एकसारखे पदर तोंडावर ओढलेल्या दोन नवऱ्या रेल्वेच्या डब्यात अदलाबदल होतात आणि एक नवरदेव भलतीच नवरी घेऊन घरी पोहोचतो. मग तो आपल्या हरवलेल्या बायकोला शोधत फिरतो. तिचा फोटो म्हणून त्याच्याजवळ लग्नातला फोटो आहे, आणि त्या फोटोत तिचे तोंड पदराआड आहे. हा फोटो तो लोकांपुढे धरतो तेव्हा आम्ही सगळेच हसलो. मेहुणा सर्वांत मोठ्याने हसला. पुढे एका प्रसंगात घरातल्या सासूला जाणवते की आयुष्यभर घरातल्या पुरुषांच्या आवडीचे रांधता रांधता स्वतःला काय आवडते हेच ती विसरून गेली आहे. मला तो प्रसंग हळवा वाटला, आणि हळव्या प्रसंगाला शोभेल असा चेहरा करून मी बसलो होतो. तेवढ्यात उंबऱ्याकडून हसू ऐकू आले. आई हसत होती, आणि तेही गालातल्या गालात नाही, मेथीची जुडी खाली ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“एवढं हसण्यासारखं काय आहे त्यात?” मी विचारले.

“अरे, मला शेपू आवडायचा,” आई म्हणाली.

वडिलांना शेपूचा वास सहन होत नसे. त्यामुळे लग्नानंतर तिने तो घरात आणला नाही, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळले. सत्तेचाळीस वर्षांचा संसार झाला. वडील जाऊनही तेव्हा दहा वर्षे झाली होती, आणि त्या दहा वर्षांतही आमच्या घरात शेपू शिजलेला नव्हता. हे ऐकून मेहुणा म्हणाला, “मावशी, सांगायचं ना मग!” आई त्याच्याकडे पाहून पुन्हा हसली आणि मेथी निवडू लागली.

त्या दिवसापासून मला एक खोड लागली आहे. घरात चार माणसांबरोबर काही विनोदी पाहताना मी पडद्याकडे कमी आणि खोलीकडे जास्त पाहतो. कोण कोणत्या जागी हसले, कोण एक क्षण उशिरा हसले, कोण हसता हसता थांबले, हे मी मोजत बसतो, पुराच्या दिवसांत लोक मारुतीकडे पाहतात तसा. आणि माझी अशी समजूत होत चालली आहे की बाईच्या वाट्याला आलेल्या ठरीव साच्यांची खिल्ली उडवणारे चित्रपट आणि मालिका बायकांना नवीन असे फारसे काही सांगत नाहीत. त्यातला विनोद त्यांच्या ओळखीचा असतो. नवीन असते ते एवढेच, की जो विनोद आजवर स्वयंपाकघरात होत होता तो आता बैठकीच्या खोलीत, पुरुषांच्या देखत होऊ लागला आहे.

हे मी उगीच म्हणत नाही. आश्विनात हस्त नक्षत्र लागले की पाटावर हत्ती काढून मुली भोवती फेर धरतात, त्या भोंडल्याची गाणी आठवून पाहावीत. कारल्याचे बी पेर, मग माहेरी जा, असे सासू सुनेला सांगते. बी पेरले तर म्हणते वेल येऊ दे, वेल आला तर म्हणते कारले लागू दे, आणि गाणे जितके लांबते तितके माहेर लांब जाते. एका माणसाला अर्जावर अर्ज करायला लावून ताटकळत ठेवणाऱ्या कारभाराचे इतके नेमके व्यंग मी सरकारी कचेरीवरच्या कोणत्याही नाटकात पाहिलेले नाही. दुसरे गाणे वेड्या नवऱ्याचे. बायको करंज्या करते, हा त्यांना होड्या समजून पाण्यात सोडतो. ती लाडू करते, हा चेंडू समजून खेळायला घेतो. ऐकणाऱ्या मुली खिदळत असतात. शेवटच्या कडव्यात ती दमून झोपलेली असते, आणि हा तिला मेलेली समजून जाळून टाकतो. गाणे तिथे संपते आणि मुली खिरापत ओळखायला बसतात. लहानपणी माझ्या बहिणींबरोबर खिरापतीच्या आशेने मीही फेराबाहेर उभा राहून हे गाणे पाठ केले आहे, पण त्या शेवटच्या कडव्याशी मी कधी थबकलो नाही. फेर धरणाऱ्यांना ते काय आहे हे माहीत होते की नव्हते, हे मला सांगता येणार नाही. पण ज्या कोणी ते रचले तिला पक्के माहीत होते.

हा उपहास बायकांनी बायकांतच ठेवला, कारण बाहेर त्याची किंमत मोजावी लागे. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी तो छापून बाहेर आणला. सुरतेच्या एका तरुण विधवेवरच्या भ्रूणहत्येच्या खटल्याने आणि त्यावर वर्तमानपत्रांतून झालेल्या स्त्रीनिंदेने संतापून त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. पुरुष बायकांना जे जे दोष लावतात ते एकेक उचलून पुरुषांच्या अंगाला लावून पाहण्याची, म्हणजे उलटा अंगरखा घालून दाखवण्याची जी रीत आज पडद्यावर दिसते, ती या पुस्तकात आहे. महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण टीका इतकी झाली की ताराबाईंचे दुसरे पुस्तक आलेच नाही.

आमच्या नाशिकचे नावच एका थट्टेपाशी जाऊन पोहोचते. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका कापली म्हणून हे नाशिक, ही कथा इथल्या रिक्षावाल्यापासून सगळे जण पर्यटकांना सांगतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकदा गावांच्या नावांवर बोलताना ही कथा निघाली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, पण तिने फक्त विचारलं होतं ना?” वर्ग हसला, मीही हसलो आणि पुढे गेलो. घरी येऊन वाल्मीकींचा तो भाग काढून वाचला. ती सीतेवर धावून गेली हे खरे, पण त्याआधी दोघे भाऊ तिची चेष्टा करतात. राम तिला लक्ष्मणाकडे धाडतो, लक्ष्मण पुन्हा रामाकडे, आणि हा परिहास आहे हे तिला उमगत नाही, असे कवीच सांगतो. स्वतःहून मागणी घालणारी बाई आधी हास्यास्पद आणि मग भयंकर ठरते. हा क्रम मी नंतर कितीतरी चित्रपटांत जसाच्या तसा पाहिला आहे, फक्त नाक कापायच्या जागी कानशिलात असते.

दुसरी गोष्ट विजयानंद नाट्यगृहाची. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री अनंत कान्हेरे यांनी तिथे कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे इथल्या शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या रात्री नाटक कोणते लागले होते, हे मात्र मी वर्गात विचारतो तेव्हा कोणाला सांगता येत नाही. ते ‘शारदा’ होते, गोविंद बल्लाळ देवल यांचे १८९९ सालचे. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावून पैसे मिळवणाऱ्या बापाची ती गोष्ट. तिच्यात शारदेच्या मैत्रिणी नवऱ्या मुलाचे वर्णन करतात की तो काही इतका म्हातारा नाही, वय अवघे पाऊणशे आहे. हे गाणे म्हणजे रंगमंचावर आणलेला भोंडलाच आहे: मुलींच्या घोळक्यातली कुजबुज, हजार प्रेक्षकांसमोर. आणि ती म्हणणारे सगळे साड्या नेसलेले पुरुष. (१९२९ चा बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा या नाटकावरून नाव घेऊन आला, असे पुष्कळांना वाटते. तो हरबिलास सारडा यांच्या नावाचा आहे. पण ही चूक मला आवडते.)

पडद्यावरही सुरुवात तशीच झाली. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, म्हणून मुंबईतल्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केले. त्यानंतर फाळके बिऱ्हाड आणि काम घेऊन नाशिकला आले आणि त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या खऱ्याखुऱ्या स्त्रिया पडद्यावर आल्या. गंमत अशी की कमलाबाईंच्या वाट्याला मोहिनीची भूमिका आली, म्हणजे बाईचे रूप घेतलेला विष्णू. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे एकट्याने केली. एकाच माणसाने सकाळी धनुष्य घ्यावे आणि दुपारी पदर घ्यावा, आणि प्रेक्षकांनी दोघांनाही हात जोडावेत, यात कोणाचा उपहास करण्याचा हेतू नव्हता. पण बाईपण हा जन्मजात पिंड असतो असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग एकदा डोळ्यांसमोर आणून पाहावा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे. तिथे गेलो की मला फाळक्यांच्या आधी साळुंके आठवतात.

साडी नेसलेला पुरुष मात्र पुढे आमच्याकडे फार स्वस्त झाला, आणि त्या स्वस्ताईत माझाही हात आहे. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात मी परीक्षक होतो. एका मुलाने साडी नेसून, ओठ रंगवून, कंबर हलवत नक्कल केली. ती अमुक एका बाईची नव्हती, बाई नावाच्या कल्पनेची होती. साडीवरून भांडणारी, मेकअपशिवाय घराबाहेर न पडणारी, नवऱ्याच्या पगाराकडे डोळा ठेवणारी. सभागृह डोक्यावर घेतले गेले आणि मी त्याला पहिला क्रमांक दिला. त्याच कार्यक्रमात चार मुलींनी ‘मुलगा पाहणे’ नावाची छोटी नाटिका केली होती. मुलीकडची मंडळी मुलाला पाहायला येतात, मुलगा मान खाली घालून कांदेपोह्यांचे ताट आणतो, मुलीची आत्या त्याला जरा चालून दाखवायला सांगते, चष्मा काढायला सांगते, भरतकाम येते का विचारते. शेवटी मुलीची आई मोठ्या मनाने म्हणते, “लग्नानंतर नोकरी करू देऊ हो आम्ही त्याला. आमच्यात तसं काही नाही.”

सभागृहाच्या डाव्या बाजूला, जिथे मुली बसल्या होत्या, तिथे जे हसू उसळले ते मी विसरलेलो नाही. उजव्या बाजूच्या मुलांनी पोह्यांना टाळ्या दिल्या होत्या, या वाक्याला दिल्या नाहीत. मी शेऱ्यात ‘विषय जुना, सादरीकरण बरे’ असे लिहिले आणि तिसरा क्रमांक दिला. त्या वाक्यातले ‘करू देऊ’ मला ऐकू आले नव्हते. भाषेचा शिक्षक असून आले नव्हते. माझ्याच लग्नाच्या बोलणीत आमच्याकडून हेच वाक्य, अगदी याच उदार सुरात उच्चारले गेले होते, आणि पत्नी तेव्हा माझ्याआधीपासून बँकेत नोकरीला होती. कोणीतरी मोबाइलवर ती नाटिका टिपली होती. दोनच दिवसांत ती फिरत फिरत पत्नीच्या फोनवर आली आणि तिने ती माझ्यासमोर पाहिली. नेमक्या त्या वाक्याला तिने ती मागे नेऊन पुन्हा ऐकली. बोलली काही नाही.

तेव्हापासून ‘मदत’ हा शब्दही मला टोचतो. “मी बायकोला घरकामात मदत करतो” असे आम्ही पुरुष अभिमानाने सांगतो. काम कोणाचे हे त्या एका शब्दात ठरून गेलेले असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. मी प्रामाणिकपणे माझी मिनिटे मोजली. दुधाच्या पिशव्या आणणे धरून चाळीस झाली.

बाईच्या वेशातल्या पुरुषाला हसणे आणि बाईला घातलेल्या अटींना हसणे यांतला फरक त्या संमेलनाने मला शिकवला, तरी सीमारेषा वाटते तितकी सरळ नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. भाड्याच्या खोलीसाठी दोन मित्र साड्या नेसतात. तो चित्रपट मी किमान पंचवीस वेळा पाहिला असेल, त्याचे संवाद आमच्या पिढीला प्रार्थनेसारखे पाठ आहेत आणि तो पुढेही पाहीन. पण त्यातले हसू पकडले जाण्याच्या भीतीचे आहे. साडीत राहून त्या दोघांना बाईच्या जगण्याविषयी काही कळले, असे तो चित्रपट म्हणत नाही, त्याला म्हणायचेही नव्हते. त्यानंतर तीनच वर्षांनी ‘माहेरची साडी’ आला, आणि सासरी गांजलेल्या सुनेसाठी गावोगावच्या बायका चित्रपटगृहात हुंदके देऊन रडल्या. माझी आई आणि मावश्याही ट्रॅक्टरमध्ये बसून गेल्या होत्या. सोसणाऱ्या बाईसाठी रडायला कोणाची ना नसते, सासरेबुवासुद्धा तिकिटाचे पैसे काढून देतात. हसायला मात्र परवानगी लागते. म्हणूनच आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’चे मला अजूनही नवल वाटते. भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेणारा तरुण आणि त्याच्या निग्रहाची होणारी दैना हा त्याचा विषय होता. खिल्ली उडाली ती बाईचे तोंड पाहिले तर आपण बिघडू असे मानणाऱ्या पुरुषाची. पण गाजला तो मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख. आरसा कोणासमोर धरला होता आणि लोकांनी पाहिले काय!

याच्या अगदी उलट टोकाला आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी येणारे नवरा-बायकोचे विनोद आहेत. त्यांत नवरा नेहमी गरीब गाय असतो, बायको हातात लाटणे घेऊन उभी असते, आणि तिला ‘गृहमंत्री’ म्हणतात. झी मराठीवर २००४ पासून कितीतरी वर्षे चाललेल्या ‘होम मिनिस्टर’ने हे पद घरोघरी पोहोचवले. त्या कार्यक्रमाने साध्या घरातल्या बायकांना कॅमेऱ्यासमोर बोलते केले, हे मान्य करायलाच हवे, आणि बक्षिसाची पैठणी म्हटली की आमच्या जिल्ह्यातल्या येवल्याचे नाव निघते, याचा आनंदही आहे. पण सिन्नरच्या ज्या मेहुण्याच्या गटावरून हे विनोद येतात, त्याच्या शेताच्या सातबाऱ्यावर या गृहमंत्र्यांचे नाव नाही, कांद्याची पट्टी कोणत्या खात्यात जमा होते हे त्यांना ठाऊक नाही. ज्याच्या हातात दोरी आहे त्याने आपलाच गळा आवळला जात असल्याची नक्कल करावी आणि दोरीकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, असे हे विनोद असतात. उपहास म्हणून ते खपतात, पण माझ्या मते ती उपहासाची पाठ आहे.

जिथे बाईवरची बंधने कायद्यानेच घातलेली असतात तिथे हा विनोद कसा बाहेर येतो, हे पाहण्यासारखे आहे. सौदी अरेबियात बायकांना गाडी चालवायला बंदी होती. २०१३ साली तिथल्या एका धर्मपंडिताने गाडी चालवल्याने स्त्रीच्या अंडाशयांवर परिणाम होतो असे जाहीर केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बायका चाक हाती घेऊन रस्त्यावर उतरणार होत्या त्या सुमारास हिशाम फकीह नावाच्या सौदी विनोदकाराने एका प्रसिद्ध इंग्रजी गाण्याच्या चालीवर, वाद्यांशिवाय, अत्यंत गंभीर चेहऱ्याने या मताची आरती ओवाळणारा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. जगभर तो पाहिला गेला. बंदी २४ जून २०१८ रोजी उठली. मात्र त्याच्या काही आठवडे आधी, याच हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या लुजैन अल-हथलूल आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांना तुरुंगात टाकण्यात आले होते. गाणे म्हणणारा आणि गाडी चालवणारी यांना सारखीच किंमत पडत नाही, एवढे यावरून दिसते. म्हणून व्यंगामुळे समाज बदलतो असे कोणी भाषणात म्हणाले की मला अवघडल्यासारखे होते.

फ्रान्सच्या एलेओनोर पुरिया यांनी २०१० साली दहा-बारा मिनिटांचा एक लघुपट केला. त्यात बाबागाडी ढकलणारा एक बाप दिवसभर रस्त्यात बायकांचे टोमणे, शेरे आणि शेवटी हल्ला सोसतो, आणि तक्रार लिहून घेणारी पोलीस बाई त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. मी तो वर्गात दाखवला. मुले पहिली तीन मिनिटे हसली. मुली जवळजवळ हसल्याच नाहीत, कारण त्यांना पुढचे माहीत होते.

खोलीत हसू कसे फिरते हे मला सर्वांत स्पष्ट दिसले ते मल्याळममधला ‘जय जय जय जय हे’ पाहताना. २०२२ च्या या चित्रपटातल्या नवऱ्याला रोज न्याहारीला इडिअप्पमच, म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या शेवयाच, लागते, आणि हात उचलणे ही त्याला फारशी मोठी गोष्ट वाटत नाही. त्याची बायको गुपचूप मोबाइलवर पाहून मारामारी शिकते आणि एक दिवस त्याला लाथ घालते. आमच्या खोलीत लाथेला सगळेच हसले. पण पहिल्या थपडेच्या वेळी, जेव्हा पडद्यावरच्या घरात कोणाला विशेष काही घडले असे वाटत नाही, तेव्हा आमच्या खोलीतही कोणाला तसे वाटले नाही, हे मी पाहिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे असे ४४ टक्के पुरुषांनी म्हटले आणि ४५ टक्के स्त्रियांनी. या आकड्यातला तो एक टक्का मला आईच्या खुर्चीची आठवण करून देतो. उंबऱ्याशी बसायला तिला कोणी सांगितलेले नाही.

उपहासाचा एक धोका जाणकारांना फार पूर्वी दिसलेला आहे. अमेरिकेत १९७१ मध्ये सुरू झालेल्या एका मालिकेत आर्ची बंकर नावाचा दुराग्रही, बायकोवर खेकसणारा गृहस्थ होता. त्याची टर उडवावी म्हणून तो निर्माण केलेला. १९७४ साली विडमार आणि रोकीच या दोन संशोधकांनी प्रेक्षकांची पाहणी केली, तेव्हा ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह होते त्यांना आर्चीच बरोबर वाटत होता, असे आढळले. लेखक एकाला हसत होता, प्रेक्षक त्याच्यासोबत हसत होते. हे मी मेहुण्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, “भाऊजी, पण त्या इडिअप्पमवाल्याचं एक बरोबर होतं. रोज एकच पदार्थ केला की बाईचं काम कमी होतं.” तो विनोद करत होता की नाही, हे मला आजपर्यंत कळलेले नाही. त्याची बहीण, म्हणजे माझी पत्नी, हसली नाही.

मीही काही वेगळा नाही, हे लिहिल्याशिवाय ही शेपूची गोष्ट पूर्ण होणार नाही. चित्रपट पाहिल्याच्या पुढच्या आठवड्यात पाऊस ओसरला. गंगेवर बुधवारचा बाजार पुन्हा भरला, तसा मी मुद्दाम तिकडे गेलो आणि शेपूच्या दोन कोवळ्या जुड्या घेऊन आलो. आपण काहीतरी केले, या समाधानात घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि पत्नीला म्हणालो, “आज आईसाठी शेपू करू या.”

नुकतीच बँकेतून आलेली पत्नी खांद्यावरची पर्स काढत होती. तिने पिशवीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “अहो, करू या म्हणजे कोणी?”

उंबऱ्याशी आई हसली. त्या दिवशीसारखीच, मोठ्याने.

मी परात घेऊन बसलो. शेपू निवडायला अर्धा तास लागतो हे मला माहीत नव्हते. कोवळ्या काड्या टाकून जून ठेवतो आहे, हे आईने खुर्चीतून दोनदा सांगितले आणि तिसऱ्यांदा सांगितले नाही. मूगडाळ भिजत घालायला हवी होती, ती घातलेली नव्हती, म्हणून ती वेगळी शिजवून घ्यावी लागली. लसूण करपला. मुलीने भाकऱ्या बाहेरून मागवल्या. आईने बाजरीच्या भाकरीबरोबर पहिला घास घेतला, सावकाश चावला, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

“वास येतो रे खरा,” ती म्हणाली. “तुझे वडील खोटं बोलत नव्हते.”

“मग पुढच्या बुधवारी आणू नको का?”

“आण की,” आई म्हणाली. “आणि डाळ सकाळीच भिजत घाल.”